खातं तर निघालं, पण पेरणीच्या टायमाला पैसा कुठून येतो?

देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या खानदेशातल्या नंदुरबार जिल्ह्यात दिलं गेलं, टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला, आणि त्यासाठी पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. मग २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं, झिरो बॅलन्सवर खाती निघाली, २०२३ च्या ऑगस्टमध्ये देशात ५० कोटींच्या वर जनधन खाती झाली. जागतिक बँक दर काही वर्षांनी सर्व्हे करते, त्यात २०११ मध्ये भारतातल्या शंभरातल्या ३५ प्रौढ माणसांचं कुठेतरी खातं होतं आणि २०२१ मध्ये तोच आकडा ७८ वर गेला. दहा वर्षांत एवढी मोठी उडी फार थोड्या देशांनी मारलीय, आणि हे काम खरंच मोठं आहे.

पण त्याच २०२१ च्या सर्व्हेत अजून एक आकडा आहे, ज्यांचं खातं होतं त्यातल्या ३५ टक्के लोकांनी वर्षभरात त्या खात्यात ना पैसे टाकले ना काढले. म्हणजे पासबुक आहे, एटीएम कार्ड डब्यात आहे, पण जूनमध्ये बियाणं-खत घ्यायचं असेल किंवा पोराला दवाखान्यात न्यायचं असेल तर पाय बँकेकडे वळत नाहीत, ओळखीच्या माणसाकडेच वळतात. असं का होतं, बँकेला गरिबाला कर्ज देणं अवघड का जातं, त्यावर आतापर्यंत काय काय उपाय निघाले आणि त्यातला कोणता आपल्या कामाचा, हे जरा बैजवार बघू, कारण या विषयावर लिहिलेलं बहुतेक सगळं अशा भाषेत असतं की ज्याच्यासाठी लिहिलंय त्यालाच कळत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गरीब घरात पैसा कमी असतो हे तर आहेच, पण त्याहून मोठा त्रास म्हणजे पैसा येतो एका टायमाला आणि लागतो दुसऱ्याच टायमाला. आपल्याकडे कोरडवाहू कपाशीवाल्याला पैसा दिसतो दसरा-दिवाळीपासून पुढे, आणि खर्च सगळा मे-जून-जुलैत, बियाणं, खत, निंदणी, त्यातच शाळा उघडते, वह्या-दप्तर-फी. केळीवाल्याचं तर लावण केल्यापासून घड कापेपर्यंत वर्षभर किंवा त्याच्याही वर जातं, तेवढे दिवस पाणी, खत, मजुरी घालतच राहायचं. सालदार माणूस आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मालकाकडून उचल घेतो आणि मग वर्षभर ती फेडतो. म्हणजे आजचा पैसा उद्यासाठी ठेवायचा याला म्हणायचं बचत, उद्याचा पैसा आज वापरायचा ते कर्ज, आणि उद्या काही वाईट झालं तर त्याची आजच थोडी थोडी तयारी तो विमा. फायनान्स म्हणजे एवढंच आहे, पैसा एका टायमावरून दुसऱ्या टायमावर नेणं. ही सोय श्रीमंत माणसाला फोनवर मिळते. गरिबाला मिळत नाही, किंवा मिळते ती फार महाग मिळते.

आता बँकेच्या बाजूनं बघा. बँकेला चार लाखाचं कर्ज द्यायचं असो की चाळीस हजाराचं, कागद तेवढेच, चौकशी तेवढीच, साहेबाचा टाइम तेवढाच. चाळीस हजारावर १० टक्क्यांनी वर्षाला जेमतेम ४ हजार व्याज येणार, आणि तेही हप्त्याहप्त्यानं मुद्दल कमी होत गेली तर त्याच्या जवळपास निम्मंच. त्यातून ठेवीदाराला व्याज द्यायचं, पगार काढायचा, आणि गावात दोन चकरा वसुलीला मारायच्या, म्हणजे काही उरतच नाही. त्यात बँकेला माहिती नसतं की हा माणूस कसा आहे, पगाराची स्लिप नाही, इन्कम टॅक्सचा कागद नाही, आणि तारण ठेवायला काही नाही. त्यामुळे मॅनेजर वाईट आहे म्हणून तुम्हाला परत पाठवतो असं दरवेळी नसतं, हिशोबच तसा बसतो. हा हिशोब बदलल्याशिवाय नुसतं "गरिबांना कर्ज द्या" असं सांगून काही होत नाही.

आणि हे आजचं नाही. १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण कर्जाचा मोठा सर्व्हे झाला होता, त्यात असं निघालं की शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सावकारांचा वाटा जवळपास ७० टक्के, सहकारी सोसायट्यांचा ३ टक्क्यांच्या आसपास आणि व्यापारी बँकांचा १ टक्कासुद्धा नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे कायदा होऊन पन्नास वर्षं होत आली तरी ही स्थिती. मग १९६९ च्या जुलैत १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये ग्रामीण बँका आल्या, १९८२ मध्ये शेती आणि गावाकडच्या कर्जासाठीची शिखर बँक नाबार्ड आली, आणि बँकांना नियम झाला की तुमच्या कर्जातलं ४० टक्के शेती, छोटे उद्योग, घरं, शिक्षण अशा प्राधान्य क्षेत्राला द्यायचं, त्यातलं १८ टक्के एकट्या शेतीला. त्यामुळे बँका गावात आल्या हे खरं. पण गावातल्या ब्रँचमध्ये जमा झालेली ठेव गावातच कर्जानं फिरते का हा वेगळा प्रश्न आहे, त्याला बँकवाले सीडी रेशो म्हणतात, शंभर रुपये ठेवीमागे किती रुपये तिथंच कर्ज दिलं. आदिवासी आणि दुर्गम तालुक्यातल्या माणसांनी ग्रामसभेत, बँकेच्या मेळाव्यात हा आकडा नक्की विचारावा असं मला वाटतं.

सावकार एवढी वर्षं टिकला कसा, तर त्याच्याकडे या अडचणीच नाहीत. तो तुम्हाला ओळखतो, तुमचं शेत त्याला माहिती, रात्री दहाला दार वाजवलं तरी पैसे देतो, कागद मागत नाही. त्याची किंमत मात्र बघा. शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये, ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाला ते ६० टक्के झाले. जूनमध्ये २० हजार घेतले आणि कापूस विकून जानेवारीच्या शेवटी दिले तर आठ महिन्याचं व्याज ८ हजार. तेच २० हजार बँकेच्या ७ टक्क्यांच्या पीककर्जानं घेतले असते तर आठ महिन्याचं व्याज साडेनऊशेच्या आत. बरं, आपल्या राज्यात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे, लायसन्स नसताना व्याजाचा धंदा करणं गुन्हा आहे, आणि लायसन्सवाल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि बिनतारणावर १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. जमीन सावकारीत लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून ती परत मिळवायची तरतूदही त्या कायद्यात आहे, आणि हे माहिती नसल्यामुळे कित्येक लोक गप्प बसतात.

पीककर्ज हे आजही आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त कर्ज. गावची विविध कार्यकारी सोसायटी, तिच्यावर जिल्हा बँक, तिच्यावर राज्य सहकारी बँक अशी तीन मजल्यांची रचना, शिवाय राष्ट्रीयीकृत बँका. ३ लाखापर्यंत ७ टक्के, वेळेवर भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत, आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना धरली तर वेळेत फेडणाऱ्याला व्याज शून्य. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून २ लाखापर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि या कर्जाचं सगळ्यात चांगलं काय, तर ते हंगामाच्या हिशोबानं चालतं, पेरणीला येतं आणि पीक विकल्यावर जातं.

पण हे कुणाला मिळतं, ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. बटाईनं करणारा, नफ्यानं म्हणजे ठरलेली रक्कम देऊन शेत घेणारा, ज्याच्या आज्याच्या नावावरून अजून वारस लागलेले नाहीत तो, सालदार, शेतमजूर बाई, धडगाव-अक्कलकुव्याकडचा वनपट्ट्यावर कसणारा आदिवासी, हे सगळे या दारातून आत जाताना अडखळतात. राबतात हे आणि कागद दुसऱ्याच्या नावावर. यांच्यासाठी नाबार्डनं जेएलजी म्हणजे चार ते दहा जणांचा संयुक्त जबाबदारी गट असा मार्ग काढला, जमीन नावावर नसली तरी एकमेकांच्या जबाबदारीवर कर्ज मिळू शकतं. कागदावर चांगला आहे, पण ब्रँचमध्ये चिकाटीनं मागावा लागतो.

एकमेकांची जबाबदारी ही कल्पनाच इथली मोठी चावी आहे. बँकेला माहिती नाही की ही बाई कशी आहे, पण तिच्या गल्लीतल्या बायांना माहिती आहे. १९७६ मध्ये बांगलादेशात जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी हेच करून बघितलं, त्यातून पुढे ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये त्यांना आणि बँकेला शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडे नाबार्डनं १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकेला जोडायचा प्रयोग केला आणि तो फळला. आज उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांचे गट गावोगाव आहेत.

इथे एक घोळ आहे तो नीट समजून घ्या, कारण भल्याभल्या घरात त्याच्यामुळे गडबड झालेली मी बघतो. बचत गट वेगळा आणि कंपनीचं ग्रुप लोन वेगळं, लोक दोन्हीला बचतगटच म्हणतात. बचत गटात दहा-वीस बाया आधी स्वतःचे पैसे दर महिन्याला जमा करतात, शंभर, दोनशे, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात, त्याचं व्याज गटाच्याच खात्यात राहतं म्हणजे शेवटी त्यांचंच, सहाएक महिने हे नीट चाललं, बैठका, वही, परतफेड सगळं नियमित दिसलं की बँक गटाला कर्ज देते, आणि १० लाखापर्यंत गटाकडून तारण घ्यायचं नाही असा नियम आहे. ग्रुप लोनमध्ये मायक्रोफायनान्स कंपनीचा सर मोटरसायकलवर येतो, आधार आणि फोटो घेतो, आठ-दहा बायांचा ग्रुप करतो, थोड्याच दिवसांत ३०-४० हजार खात्यात, आणि लगेच हप्ता सुरू. बचत वगैरे काही नाही. ते वाईटच आहे असं मी म्हणत नाही, सावकाराच्या शेकडा पाचपेक्षा ते निम्म्याहून स्वस्त पडतं आणि ज्या बाईला बँक दारात उभी करत नाही तिला ते मिळतं. पण ते महाग का वाटत नाही आणि खरं किती पडतं, हे कळलं पाहिजे.

हे छोट्या आकड्यावर करून बघू. १२ हजार रुपये, वर्षाला १२ टक्के, बारा हप्ते. सर सांगतो, व्याज १२ टक्के म्हणजे १४४०, मुद्दल महिन्याला हजार, व्याज महिन्याला १२०, हप्ता ११२० रुपये. सरळ वाटतं. पण पहिला हप्ता भरल्यावर तुमच्याकडे ११ हजारच राहिले, दुसऱ्यानंतर १०, आणि शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे कंपनीचे फक्त हजार रुपये आहेत, तरी व्याज १२०च. वर्षभराची सरासरी काढली तर तुम्ही वापरले साडेसहा हजार आणि व्याज भरलं १४४०, म्हणजे खरा दर २१-२२ टक्के. याला फ्लॅट रेट म्हणतात, आणि उरलेल्या मुद्दलावर लावतात तो रिड्यूसिंग. कुणीही कर्ज द्यायला आलं की एवढं एकच विचारा, फ्लॅट सांगता का रिड्यूसिंग. वरून प्रोसेसिंग फी आणि विमा कापून हातात कमी येतं ते वेगळंच.

यासाठी रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांना एक कागद सक्तीचा केलाय, केएफएस म्हणतात, कर्जाची मुख्य माहिती एका ठिकाणी, आणि ती कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायची. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो, व्याज-फी-विमा सगळं धरून वर्षाला खरं किती टक्के पडतं तो. दोन कंपन्यांची तुलना त्याच आकड्यावर करायची, हप्ता किती बसतो त्याच्यावर नाही, कारण मुदत वाढवली की हप्ता लहान दिसतो आणि व्याज जास्त जातं.

आता हप्त्याचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची गोम इथंच आहे. ग्रुप लोनचा हप्ता आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला, आणि तो पहिल्या महिन्यापासूनच सुरू. ज्या बाईचा रोजचा धंदा आहे, भाजीची गाडी, चहा, शिलाई, तिला हे जमतं, रोज चार पैसे येतात त्यातले बाजूला पडतात. पण जिनं शेळी घेतली तिला शेळी विकेपर्यंत आठ-दहा महिने पैसा नाही, जिनं कपाशीत घातले तिला दिवाळीपर्यंत नाही. मग जुलै-ऑगस्टचा हप्ता ती कुठून भरते? मजुरीतून, आणि पावसानं आठ दिवस काम बंद राहिलं की दुसऱ्या कंपनीचं लोन काढून. "हप्ता ते भरनाच पडस ना माय", हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही गल्लीत ऐकायला मिळेल, कारण एकीचा हप्ता चुकला की ग्रुपच्या बाकीच्यांना भरावा लागतो आणि सगळ्यांसमोर नाव निघतं. असं करत करत एका घरात तीन-चार कंपन्यांची लोनं होतात, आणि त्यात धंद्याचं एकही नसतं, सगळी एकमेकांचे हप्ते भरायला काढलेली.

कोलकात्यात काही अर्थशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता. काही कर्जदारांना नेहमीसारखा दोन आठवड्यांनी हप्ता सुरू केला आणि काहींना दोन महिन्यांची सूट दिली. ज्यांना सूट मिळाली त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे त्यांचा नफाही जास्त झाला. पण त्यांच्यात थकबाकीही जास्त निघाली. म्हणजे कंपनीला लगेच हप्ता लावणं सुरक्षित वाटतं त्याला कारण आहे, आणि कर्जदाराला सूट पाहिजे त्यालाही कारण आहे. पीककर्जात ही सोय आपण केव्हाच मान्य केली, मग शेळी-कोंबडी-म्हशीवाल्या भूमिहीन बाईला ती का नसावी, हा प्रश्न बँकांना आणि कंपन्यांना जोरात विचारायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी, ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं, मायक्रोफायनान्सचा अभ्यास केला, तिथंही निघालं की अशा कर्जानं काही घरांचा धंदा वाढतो पण सरसकट गरिबी हटत नाही. कर्ज हे उत्पन्न नाही, ते परत द्यायचं असतं, ज्या घराला मजुरीच पुरत नाही त्याला आधी काम आणि रेशन आणि दवाखाना पाहिजे, लोन नाही.

नियम मात्र बरेच आपल्या बाजूनं आहेत, फक्त माहिती पाहिजेत. एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वर्षाला ३ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं बिनतारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, आणि घराचे सगळे हप्ते मिळून, मोटरसायकलचाही धरून, महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नको. घरात १५ हजार येत असतील तर साडेसात हजाराच्या वर हप्ते बसले की पुढचं कर्ज द्यायलाच नको. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ-धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही, आणि वसुली ठरलेल्या जागी, घरी यायचं तर तेव्हाच जेव्हा बाई दोन किंवा जास्त वेळा लागोपाठ ठरलेल्या जागी आली नाही. रात्री दारात बसून राहणारा माणूस नियम मोडतोय, हे त्याला तोंडावर सांगता यायला पाहिजे.

सातपुड्यातून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचा हिशोब तर अजूनच वेगळा. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, पावसाळ्यात उचल देतो, तेव्हा घरात दाणे नसतात म्हणून ती घेतलीच जाते, आणि मग नवरा-बायकोची जोडी, जिला कोयता म्हणतात, महिनोन् महिने ती उचल फेडत राहते. त्यावर व्याज लिहिलेलं नसतं, ते मजुरीच्या दरातून वसूल होतं. हे पण कर्जच आहे, आणि बँकेनं पावसाळ्यात दिलेलं १०-१५ हजाराचं छोटं कर्ज या माणसाला मुकादमाशी भाव करायची ताकद देऊ शकतं. जनधन खात्यावर १० हजारापर्यंत ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही पैसे उचलायची सोय, आहे हे किती जणांना माहिती आहे? खातं सहा महिने नीट चाललेलं पाहिजे, घरात एकालाच, शक्यतो बाईला. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि गावात परत आल्यावर बँक मित्राकडे, म्हणजे बँकेनं गावात नेमलेल्या माणसाकडे, अंगठा लावायला जावं तर कोयत्यानं घासून गेलेले ठसे मशीन घेत नाही, अशा वेळी ब्रँचमध्ये जाऊन एटीएम कार्ड चालू करून घेतलेलं बरं. अंगठा लागलाच तर दर वेळी पावती घ्यायची आणि शिल्लक किती ते वाचून घ्यायचं, "अंगठा बसला नाही, परत लावा" म्हणत दोनदा पैसे काढल्याचे प्रकार देशात बऱ्याच ठिकाणी झालेत.

छोट्या धंदेवाल्याकडे येऊ. जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलवाल्याला बँक ओळखते, पण घरी पापड-कुरडई करणारीला किंवा भुसावळ स्टेशनबाहेरच्या गाडीवाल्याला ओळखत नव्हती. त्यासाठी ८ एप्रिल २०१५ ला मुद्रा ही छोट्या धंद्याच्या कर्जाची योजना आली, शिशु ५० हजारापर्यंत, किशोर ५ लाखापर्यंत, तरुण १० लाखापर्यंत, आणि तरुणचं फेडलेल्यांना आता २० लाखापर्यंत. तारण नाही, कारण मागे सरकारचा गॅरंटी फंड आहे. या गॅरंटीचा अर्थ लोक चुकीचा लावतात. बुडालं तर बँकेला त्यातला काही भाग फंडातून मिळतो, तुमचं कर्ज माफ होत नाही, वसुली चालूच राहते आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवरचा स्कोअर, खराब होतं. गाडीवाल्यांसाठी २०२० मध्ये स्वनिधी आलं, आधी १० हजार, ते फेडलं की २०, मग ५०, आणि २०२५ मध्ये सरकारनं योजना २०३० पर्यंत वाढवून पहिलं कर्ज १५ आणि दुसरं २५ हजार केलं, वेळेवर भरणाऱ्याला ७ टक्के व्याज सवलत. ही पायऱ्यांची पद्धत मला फार आवडते, कारण गरिबाकडे तारण नसतं पण वेळेवर फेडल्याचा रेकॉर्ड तो तयार करू शकतो, आणि तोच त्याचं तारण होतो. क्यूआर कोडवर येणारे रोजचे पाच-दहा रुपयेसुद्धा आता स्टेटमेंटमध्ये दिसतात, धंदा रोज चालतो याचा तो पुरावा आहे, त्यामुळे गिऱ्हाईक रोख देत असेल तरी थोडा तरी व्यवहार खात्यातून जाऊ द्या. केळीचे वेफर्स वगैरे करायचं असेल तर पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत अनुदान आहे, आणि जळगाव जिल्ह्यासाठी त्यात केळीच निवडलेली आहे. मोठ्या कारखान्याला माल देणाऱ्यांनी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्यावीच, फुकट आहे, आणि ४५ दिवसांत पैसे द्यायचं बंधन कायद्यानं समोरच्यावर येतं.

सगळं कर्जाचंच बोलतोय, पण गरीब घराला सुरक्षित बचत कर्जाइतकीच लागते आणि याबाबत आपल्या जळगाव जिल्ह्यानं फार सोसलंय, पतसंस्थांमध्ये ठेवी अडकून म्हाताऱ्या माणसांची उपचाराची, पोरींच्या लग्नाची रक्कम गेली. फरक एवढाच लक्षात ठेवा, बँकेत, मग ती जिल्हा बँक असो की अर्बन, ठेवीला व्याज धरून ५ लाखापर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं लक्ष नाही, ती सहकार खात्याकडे येते. एक-दोन टक्के जास्त व्याज मिळतं ते या जोखमीचं असतं. भिशी चांगली, पण ओळखीतल्या दहा-बारा बायांची आणि लहान रकमेची तेवढीच.

विम्याचं थोडक्यात, २० रुपयात वर्षभराचा २ लाखाचा अपघात विमा आणि ४३६ रुपयात २ लाखाचा जीवन विमा, दोन्ही बँक खात्यातूनच कापले जातात, मे महिन्याच्या शेवटी. जूनमध्ये पासबुक प्रिंट करून ती नोंद बघा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून ठेवा, कारण माणूस गेल्यावर घरच्यांना माहितीच नसतं की असं काही होतं, आणि मागितल्याशिवाय क्लेम येत नाही.

सिबिलचं भूत लोकांनी उगाच मोठं केलंय. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, आणि देशातल्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून, म्हणजे कर्जाचा रेकॉर्ड ठेवणाऱ्या कंपन्यांकडून, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, सायबर कॅफेवाल्याला पाचशे द्यायची गरज नाही. ग्रुप लोन घेणाऱ्या बायांनी तर तो काढावाच, तुमच्या आधारवर दुसऱ्याच कुणी लोन उचललंय का ते त्यात दिसतं. चूक असेल तर ब्युरोकडे तक्रार करा, ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आणि बँकेनं, कंपनीनं ऐकलंच नाही तर आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, वकील लागत नाही, फी नाही, साध्या कागदावर पोस्टानं पाठवलं तरी चालतं, माहितीसाठी १४४४८ वर फोन करायचा. पतसंस्थेची आणि सावकाराची तक्रार मात्र तिकडे नाही, ती तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे द्यायची.